दसऱ्याला घोडीवर बसावं का?

अलिबागच्या दक्षिणेला, समुद्राला लागून असलेल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या आणि त्यांचे पती घरगुती होमस्टे चालवतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून चार वर्षांची घोडी आणली. हिवाळ्यात ती शहाण्यासारखी वागते. घरातली मुलं आणि कधीमधी पाहुणेही तिच्यावर बसतात. पावसाळ्याचे चार महिने ती मागच्या पडवीत बांधलेली असते. ‘अशक्त होऊ नये’ म्हणून हरभरा आणि चुणी तेव्हाही नेहमीइतकीच चालू असते. मागच्या दसऱ्याला सकाळी पूजा आटोपल्यावर सतरा वर्षांचा मुलगा तिच्यावर बसून पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, गेला. घोडी उधळली, मुलगा पडला, मनगट मोडलं. डिसेंबरपर्यंत ती पुन्हा नीट वागू लागली. पण यंदा मे महिन्यात संध्याकाळी दोन फेऱ्या झाल्या की ती थांबायची, नाकपुड्या फुलवायची आणि पुढे पाऊल टाकायची नाही. ‘अंगावर घामाचा थेंब नसायचा. म्हणजे दमलेली नव्हती, नाटकं करत होती,’ असं ताई लिहितात. आता चौदा वर्षांची मुलगी म्हणते, या दसऱ्याला मी बसणार. पती म्हणतात, विकून टाकू. दीर म्हणतात, ओळखीचा एक जण काटेरी लगाम घालून आठ दिवसांत तिला सरळ करून देईल. ताई विचारतात: घोडी बिघडली आहे का, आणि मुलीला बसू द्यावं का?

ताई,

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. या दसऱ्याला घोडीवर कुणीच बसू नका. तिला आंघोळ घाला, हळदकुंकू लावा, झेंडूची माळ घाला, अंगणातच पूजा करा. चार महिने उभं राहिलेलं जनावर उरलेल्या तीन-चार आठवड्यांत स्वाराखाली आणायचं म्हटलं तर मागच्या वर्षीचाच प्रसंग पुन्हा घडू शकतो. मुलगी हिरमुसेल, हे मला कळतं. तिच्यासाठी याच महिन्यात करण्यासारखं एक मोठं काम आहे, त्याबद्दल पुढे लिहिते. विकायचं की ठेवायचं, तेही पुढे. काटेरी लगामाला मात्र आजच नाही म्हणा.

तुमच्या पत्रातल्या घामाच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. तुम्ही ते घोडीच्या विरुद्ध पुरावा म्हणून लिहिलं आहे. मला ते तिच्या बाजूचं वाटतं. मे महिन्यात कोकणच्या किनाऱ्यावर दोन फेऱ्या मारल्यावर घोडीची मान, छाती आणि तंगाखालचा, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याखालचा, भाग घामाने भिजायलाच हवा. घोड्याचं अंग मुख्यतः घामानेच निवतं. उष्ण आणि दमट प्रदेशांत काही घोड्यांचा घाम हळूहळू कमी होत जातो, काहींचा पूर्ण थांबतो. मग आतली उष्णता बाहेर जायला वाट उरत नाही. असं जनावर जोरजोरात श्वास घेतं, नाकपुड्या फुलवतं, थांबतं. तुम्ही वर्णन केलेलं हेच आहे. मी घोडी पाहिलेली नाही, त्यामुळे निदान करणार नाही. ते डॉक्टरांचं काम. पण घाम न येता धाप लागणं हे नाटक समजून कुणी तिला टाच मारून पुढे काढली असती, तर ती स्वारासकट कोसळू शकली असती. ती थांबली, हे तुमच्या पाहुण्यांचं भाग्यच.

‘खानदेशच्या उन्हात वाढलेली, तिला आपला उकाडा काय करणार?’ असं तुमच्याकडेही कुणी म्हणालं असेल. हा समज किनाऱ्यावर सगळीकडे ऐकू येतो. खानदेशातलं ऊन कडक खरं, पण कोरडं. तिथे घाम येताच वाळतो आणि वाळताना अंग थंड करतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा बत्तीस-तेहतिसावरच असतो, पण हवेत इतकी वाफ भरलेली असते की घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. म्हणून थर्मामीटरवरचा आकडा पाहून इथे फसायला होतं. ओझं ओढणाऱ्या आणि वाहणाऱ्या जनावरांसाठी 1965 साली केंद्र सरकारने नियम केले. त्यांत तापमान 37 अंश सेल्सिअसच्या वर जातं अशा भागात दुपारी 12 ते 3 या वेळेत जनावराकडून काम घेऊ नये असं आहे. कोकण किनाऱ्यावर पारा त्या रेषेच्या वर क्वचितच जातो, म्हणून काही इथल्या घोड्याला त्रास होत नाही असं नाही.

घोडे पाळणारे लोक एक साधा हिशेब करतात, तो तुम्हाला मोबाइलवरच्या हवामानावरून करता येईल. तापमान फॅरनहाइटमध्ये घ्या आणि त्यात आर्द्रतेची टक्केवारी मिळवा. बेरीज 150 च्या आत असेल तर निरोगी घोडा काम झेपवतो. 150 च्या वर गेली की काम कमी, विसावा जास्त. 180 च्या आसपास गेली की काम नकोच. मे महिन्यातली तुमची संध्याकाळ म्हणजे 31 अंश सेल्सिअस, फॅरनहाइटमध्ये सुमारे 88, आणि आर्द्रता 80 टक्के धरली तर बेरीज 168. पाहुण्यांना ती वेळ सुखाची वाटते, कारण ऊन उतरलेलं असतं आणि समोर सूर्यास्त असतो. घोडीला ती सुखाची नसते. ज्या घोडीला घामच येत नाही तिच्यासाठी 150 हीच शेवटची रेषा धरा.

डॉक्टरांना बोलवाल तेव्हा घामाची गोष्ट सगळ्यात आधी सांगा. कातडीत अगदी थोडं औषध टोचून त्या जागी घाम येतो का हे पाहण्याची एक चाचणी असते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घोड्यांची सवय असलेले डॉक्टर नसले तर ते पुढे कुणाकडे दाखवायचं ते सांगू शकतील. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे. घाम बंद झाल्यावर रामबाण औषध नाही, हे आधीच सांगून ठेवते. वारा खेळता ठेवणं, पडवीत पंखा, भरपूर पाणी, डॉक्टर सांगतील तितकं मीठ आणि क्षार, आणि काम फक्त थंड वेळेला, यावरच सगळी भिस्त असते. अशा कित्येक घोड्यांना थंडीत पुन्हा घाम येऊ लागतो. डिसेंबरमध्ये तुमची घोडी ‘नीट झाली’, त्यात याचाही वाटा असू शकतो.

घरात एक थर्मामीटर फक्त तिच्यासाठी ठेवा. शेपटीखाली, गुदद्वारात लावायचा असतो. डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्या. निवांत उभ्या घोड्याचं तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस, श्वास मिनिटाला 8 ते 16, नाडी 28 ते 44. थंडीतल्या सकाळी, सगळं ठीक असताना, आठवडाभर हे आकडे लिहून ठेवा. तिचे स्वतःचे आकडे माहीत असले की बिघाड लवकर कळतो. काम थांबवून पंधरा मिनिटं झाली तरी धाप कमी होत नसेल, किंवा तापमान 40 च्या वर गेलं असेल, तर डॉक्टर येईपर्यंत वाट पाहू नका. सावलीत न्या, खोगीर उतरवा आणि बादल्यांमागून बादल्या गार पाणी सगळ्या अंगावर ओतत राहा. ‘तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतलं तर स्नायू आखडतात’ असं जुने लोक सांगतात. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या आधी दमट उकाड्यातल्या घोड्यांवर खूप अभ्यास झाला आणि गार पाणी ओतत राहणं हाच खरा उपाय ठरला. प्यायलाही पाणी लगेच द्या. उभ्या घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागतं. उकाड्यात काम केलं तर त्याच्या दुप्पटही.

आता मागच्या दसऱ्याकडे वळू. तुम्ही लिहिता, ‘अचानक उधळली.’ तुमचंच पत्र पुन्हा वाचलं तर त्या सकाळी तिच्या अंगावर एकाच वेळी किती गोष्टी येऊन पडल्या ते दिसेल.

ती चार महिने दोरीच्या लांबीएवढीच हिंडली होती आणि दाणा मात्र कामाचा खात होती. तुम्ही प्रेमापोटी दिलात, तो मात्र तिला बाधतो. बसून खाल्लेला दाणा अंगात नुसता जोमच भरत नाही. त्यानंतर एकाएकी काम पडलं की पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू आखडून दगडासारखे होऊ शकतात. घोडं थरथरतं, घामेजतं, लघवी गडद तपकिरी होते. अति दाण्याने खुरांच्या आत दाह होऊन घोडं कायमचं लंगडंही होतं. उभ्या घोड्याचं मुख्य अन्न चारा. तुमच्या घोडीचं वजन सव्वातीनशे किलोच्या आसपास असेल, तर दिवसाला पाच ते साडेसहा किलो कोरडा चारा किंवा तेवढा ऐवज भरेल इतकं हिरवं गवत हवं. दाणा उद्याच एकदम बंद करू नका. आठ-दहा दिवसांत उतरवत आणा. खाण्यातला कुठलाही बदल याच गतीने करायचा, कारण घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात बिघडलेलं सगळं पोटशूळ होऊनच पुढे येतं.

पावसाळाभर पत्र्याच्या पडवीत ओल असते. खरारा रोज झाला नाही तर पाठीवर बारीक खपल्या धरतात. वरून केस व्यवस्थित दिसतात; बोटं उलटी फिरवली की खपलीसकट केसांचे झुपके हातात येतात. त्या दुखतात. त्यांच्यावर खोगीर ठेवून तंग आवळला आणि त्यावर मुलगा बसला, तर घोडी पाठ उडवणारच. त्यात चार महिन्यांत तिचं अंग भरलेलं, म्हणजे जानेवारीत बसणारं खोगीर ऑक्टोबरमध्ये बसत नाही. खांद्यावर किंवा कण्यावर रुततं. दोन्ही गोष्टी आज संध्याकाळीच तपासता येतील. खपल्या असतील तर डॉक्टर सांगतील त्या औषधाने धुवा, अंग कोरडं ठेवा, तिच्या खराऱ्याचा ब्रश दुसऱ्या जनावराला वापरू नका आणि कातडी पूर्ण बरी होईपर्यंत खोगीर घालू नका.

नालबंद तुमच्याकडे दिवाळीच्या आधी एकदाच येतो, असं तुम्ही ओघात लिहून गेलात. खूर महिन्याला पाऊण ते एक सेंटीमीटर वाढतो. जूनपासून दसऱ्यापर्यंत किती वाढला असेल, आणि वाढलेल्या खुरांनी भुसभुशीत वाळूत पळताना ठेच लागली नसती तरच नवल. दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद यायलाच हवा. एकट्या घोडीसाठी तो यायला कुरकुर करत असेल तर आसपासच्या गावांतल्या घोडागाडीवाल्यांशी बोलून एकच दिवस ठरवा. पावसाळ्यात काम घ्यायचं नसेल तेव्हा नाल काढून खूर छाटून ठेवलेले बरे. तळव्याच्या मधल्या त्रिकोणी मऊ भागातून काळा, कुबट वासाचा द्रव येत असेल तर ती ओलीमुळे लागलेली कूज आहे. रोज साफ करून कोरड्या जागी उभी करणं हा त्यावरचा पहिला उपाय.

आणि ती वेळ. आपल्याकडचे कोळी आणि शेतकरी भरतीचा हिशेब तिथीवरून करतात, तो तुमच्या घरातही कुणाला तरी येत असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दसरा म्हणजे दशमी, दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे दर दसऱ्याला सकाळी साडेसातच्या सुमाराला भरती. दशमीची भरती भांगाची, उधाणासारखी वर चढत नाही. तरी घोड्याला चालायला चांगली असते ती ओली, घट्ट वाळू तेव्हा पाण्याखालीच असते. तुमचा मुलगा पूजा करून गेला तेव्हा त्याच्या वाट्याला सुरूच्या बनालगतची कोरडी, पाय रुतणारी वाळूच आली असणार. एका बाजूला झाडं, दुसऱ्या बाजूला फुटणाऱ्या लाटांचा पांढरा फेस, सणाची गर्दी, कुठेतरी वाजणारा ढोल, आणि गळ्यात पहिल्यांदाच हलणारी माळ. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. दुखणारी पाठ आणि भरलेलं अंग घेऊन ती तिथून पळाली. तिला ‘बिघडलेली’ म्हणायला माझं मन तयार नाही.

काटेरी लगामाबद्दल आता सांगते. 1965 च्या त्याच नियमांत काटे किंवा टोकं असलेला लगाम वापरायला बंदी आहे, आणि ती स्वारीच्या घोड्यालाही लागू आहे. पण कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. दुखण्यापासून पळणाऱ्या घोडीच्या तोंडात आणखी दुखणं घातलं, तर आठव्या दिवशी ती मान खाली घालून उभी राहते आणि बघणाऱ्यांना ‘सरळ झाली’ असं वाटतं. मग एखाद्या दिवशी काटा जिभेत खोल रुतला की ती मागच्या दोन पायांवर उभी राहते. तेव्हा तिच्यावर तो आठ दिवसांवाला नसतो, तुमची मुलगी असते. भाऊजींचा हेतू चांगला आहे. त्यांनी ते पैसे डॉक्टर आणि नालबंदावर खर्च करू द्यावेत.

मग काय करायचं? आधी डॉक्टरांची तपासणी. घाम, पाठ, खूर, दात यांच्याबरोबर रक्तही तपासून घ्या. पावसाळ्यात आणि त्यानंतर घोडमाश्यांमुळे सर्रा हा रोग पसरतो. अधूनमधून येणारा ताप, खंगणं, पायांवर किंवा पोटाखाली सूज, चालताना झोक जाणं अशी त्याची लक्षणं. अशक्तपणा म्हणून दाणा वाढवला जातो आणि रोग आत वाढतच राहतो. धनुर्वाताची लस घोडीला आणि घरातल्या स्वारांनाही. तुम्ही पुळणीजवळ राहता म्हणून आणखी एक: तिला वाळूवर टाकून चारा देत असाल तर गव्हाणीत द्या. चाऱ्याबरोबर वाळू पोटात जाऊन साठते आणि पोटशूळ उठतो. लेंड्या बादलीतल्या पाण्यात कालवून ठेवल्या की तळाला वाळू बसते का ते दिसतं.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की काम सुरू, आणि हे मी म्हणत होते ते तुमच्या मुलीचं काम. पाठीवर बसण्याआधीचं सगळं शिक्षण जमिनीवरून होतं. चौदा वर्षांच्या, चिकाटीच्या मुलीला ते उत्तम जमतं, फक्त एक मोठं माणूस सतत जवळ हवं. पहिले दोन आठवडे मोरखीला, म्हणजे लगामाशिवाय तोंडावर चढवायच्या पट्ट्याला, दोर लावून नारळ-पोफळीच्या वाडीत नुसतं चालवणं: वीस मिनिटांपासून सुरू करून चाळीसपर्यंत. ‘चल’, ‘थांब’, ‘मागे’ हे तीन शब्द, नेहमी त्याच सुरात. दोर ताणून धरला की घोडी तिथेच अडून बसते. किंचित ओढ द्यायची आणि तिने एक पाऊल टाकताक्षणी ती सोडायची. ओढ सुटणं हेच तिला बक्षीस वाटतं आणि त्यातूनच ती शिकते. दोर हाताभोवती कधीही गुंडाळायचा नाही. बरोब्बर मागे उभं राहायचं नाही, तिथलं तिला दिसत नाही. बांधायची ती मोरखीने, एका हिसक्यात सुटेल अशा गाठीने. लगामाने बांधलं आणि ती दचकली तर जीभ आणि जबडा फाटतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लांब दोरावर दोन्ही बाजूंनी सारखं फिरवणं, थोडी दुडकी चाल, आणि पाठ बरी असेल तर रिकामं खोगीर. याच काळात तिला मागच्या वर्षी घाबरवणाऱ्या वस्तू दाखवा. रेनकोट, फडफडणारं प्लास्टिक, उघडणारी छत्री, मोबाइलवर हळू आवाजात ढोल. लांबून सुरुवात, ती मान खाली करून ओठ सैल सोडेपर्यंत थांबणं, मग एक पाऊल जवळ. एका दिवशी एकच वस्तू. घाई केली तर सगळं पहिल्यापासून.

पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून बसणं सुरू, पण मुलीने नाही. ज्याला खरंच बसता येतं अशा हलक्या, शांत माणसाने, कुंपण असलेल्या जागेत, फक्त चालवत. तुम्हाला वाटेल, घोडी आता दमत नाही, वेग का वाढवायचा नाही? घोड्याचा दम काही आठवड्यांत परत येतो. पायाचे स्नायुबंध आणि हाडं मजबूत व्हायला महिने लागतात. या मधल्या काळातच पाय जातात. पुळणीवर जायचं ते त्यानंतर, ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर आणि एखाद्या शांत घोड्याच्या सोबतीने गेलात तर उत्तम. सकाळी ओहोटी हवी असेल तर तिथीच्या हिशेबाने तृतीया-चतुर्थीच्या सकाळी आठ-नऊची वेळ साधते. हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून बंदरावरचं वेळापत्रकही पाहा. खाडीच्या मुखाकडे अजिबात नेऊ नका, तिथली वाळू वरून घट्ट दिसते आणि खाली चिखल असतो. किनाऱ्यावर सोडलेल्या जाळ्यांच्या दोऱ्या, कुत्री, पर्यटकांच्या चारचाकी मोटारसायकली, हे सगळं आधी पायी फिरून बघून या. आणि पुळणीवर गेलं की पळवायचंच, ही सवय मोडा. बरेच घोडे तिथेच उधळतात, कारण वाळू दिसली की पळायचं असतं हे आपणच त्यांना वर्षभर शिकवलेलं असतं. जाताना चालत, येताना चालत, मध्ये कधीतरी थोडी दुडकी.

हे सगळं सुरळीत गेलं तर तुमची मुलगी मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या सुमाराला बसेल. हवा गार, घोडी तयार, आणि मुलीने अडीच महिने तिच्याबरोबर चालून काढलेले. डोक्यात बसणारं, हनुवटीखाली पट्टा असलेलं घोडेस्वारीचं हेल्मेट हवं; मोटारसायकलचं जड हेल्मेट नको. एकदा पडून आपटलं की ते बदलायचं. पायात टाच असलेले बूट, रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, बुटापेक्षा बोटभर रुंद, म्हणजे पडताना पाय अडकून फरफट होत नाही. सँडलवर बसू देऊ नका, पाहुण्यांनाही नाही.

पाहुण्यांचा विषय निघालाच आहे तर: सामानासकट स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत हवं. तुमच्या घोडीच्या मापाने ते पासष्ट किलोच्या आत, खोगीर धरून. मुंबई-पुण्याहून आलेले किती प्रौढ पाहुणे त्यात बसतील? ज्यांना घोडा माहीत नाही त्यांना पुळणीवर बसवणं, यातली कमाई जोखमीच्या मानाने काहीच नाही, असं माझं मत आहे. मुलांना वाडीत, तुमच्या हातात दोर असताना दोन फेऱ्या, इतकंच ठेवा.

पुढचं वर्ष तिच्या अंगाने आखा. थंडीत काम. होळीनंतर पहाटे थोडं. मे महिन्यात संध्याकाळच्या फेऱ्या बंद, पहाटे नुसतं चालवणं, आणि आकाशात गडगडाट सुरू झाला की पुळणीवरून थेट घरी. आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागायच्या, आधी कोरड्या चाऱ्याची बेगमी जमिनीपासून वर, फळ्यांवर करा. बुरशी धरलेला पेंढा गाईंनाही नको आणि घोडीला तर मुळीच नको. पडवीचे पत्रे आवळून घ्या. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा आपल्या भागात काय काय उडालं ते तुम्हाला सांगायला नको. पावसात उघडीप मिळेल तेव्हा रोज अर्धा तास तिला मोकळ्या मातीवर चालवा, शेवाळलेल्या कातळावर किंवा ओल्या डांबरी रस्त्यावर नाही. चार महिने अगदी उभं राहणं ही तिला विश्रांती नव्हे. रोज अर्धा तास हिंडली असती तर ऑक्टोबरमध्ये इतक्या पायऱ्या मागे जावं लागलं नसतं.

विकण्याबद्दल. तुमचे पती घाबरले आहेत. मुलाचं मनगट मोडताना ज्या बापाने पाहिलं त्याने घाबरू नये असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? डॉक्टरांनी घाम पूर्ण बंद असल्याचं सांगितलं आणि मे-जूनचा उकाडा तिला दरवर्षी जीवघेणा होणार असेल, तर घाटावर, कोरड्या हवेत, तिला नीट ठेवणाऱ्या माणसाकडे देणं हा तिच्या भल्याचा निर्णय असेल. तसंच, रोज तासभर देणारं घरात कुणी नसेल तरीही. पण तेव्हा घेणाऱ्याला घाम आणि दसऱ्याचं पडणं, दोन्ही सांगा. किनाऱ्यावरच्या गाडीला जुंपायला मात्र देऊ नका. ती तिथल्या उन्हात टिकणार नाही. आणि हा निर्णय आत्ता घेऊ नका. तपासणीनंतर, पती, तुम्ही आणि मुलं एकत्र बसून घ्या. मुलालाही विचारा. तो पुन्हा बसायला घाबरत असेल तर त्याला बसवायचा आग्रह धरू नका. घोडीला चालवणं, खरारा, चारा यांत त्याला पुन्हा येऊ द्या. बसायचं की नाही ते तो ठरवेल.

घामाच्या चाचणीचं काय निघालं ते मला जरूर कळवा. घाम येत असेल, तर मे महिन्यातल्या थांबण्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल, आणि तेव्हा मी फुप्फुसं आणि पुढचे पाय तपासायला सांगेन.